प्रतिकारशक्ती विकायची, तर कुणाविरुद्धची ते सांगा

चाळीसगाव, साक्री, शहादा, खान्देशातला कुठलाही तालुका घ्या. कृषी सेवा केंद्रात कीटकनाशकांच्या शेजारचा एक कप्पा गेल्या काही वर्षांत चांगलाच फुगला आहे. बाटलीवर लालबुंद टोमॅटो, त्याच्याभोवती ढाल आणि खाली ओळ : झाडाची नैसर्गिक प्रतिकारशक्ती वाढवते. दुकानदार त्याला टॉनिक म्हणतो, कंपनीचा माणूस 'इम्युनिटी' म्हणतो. अळीचं औषध घ्यायला गेलेल्या माणसाच्या पिशवीत तीही बाटली पडते. "पंपाला तीस मिली हे पण टाका, झाड आतून तयार होतं."

झाड आतून तयार होतं, हे खरं आहे. आधी तेच नीट सांगतो, कारण या बाटल्यांवर चिडलेली आमच्याकडची बरीच जाणती माणसं ही कल्पनाच थोतांड ठरवून मोकळी होतात. माझा आक्षेप कल्पनेला नाही. झाडाची प्रतिकारशक्ती म्हणजे एकच एक गोष्ट असल्यासारखं जे विकलं जातंय, त्याला आहे.

टोमॅटोच्या बागेत ज्याने तासभर बांधणी केली असेल त्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. हात आधी चिकट होतात, मग हिरवट-पिवळे, दुपारपर्यंत काळपट. साबणाने तो रंग जात नाही. बायका कच्चा टोमॅटो हातावर चोळतात, मग सुटतो. खोडा-पानांवरच्या बारीक लवेच्या टोकाला रसाने भरलेल्या सूक्ष्म गाठी असतात, त्या आपल्या हातावर फुटतात. लहान किडींचे पाय त्या रसात अडकतात, अळीला त्याची चव नकोशी होते. ही झाली कायम उभी असलेली पहिली फळी. दुसरी फळी हल्ला झाल्यावर उभी राहते. 1972 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की बटाटा किंवा टोमॅटोचं एक पान भुंगेऱ्याने कुरतडलं, की न कुरतडलेल्या पानांतही काही तासांत एक प्रथिन साठू लागतं. ते किडीच्या पोटात गेलं की तिचं पचन अडखळतं. अळी खात राहते, पण अंगी लागत नाही. ही खबर एका पानाकडून दुसऱ्या पानाकडे पोहोचवणारे रेणू पुढच्या काळात हाती लागले. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा जॅस्मोनिक आम्ल. बाहेरून जॅस्मोनिक आम्ल फवारलं तर अळी नसतानाही झाड अळी आल्यासारखं वागतं.

कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोच्या शेतात 1999 साली नोंदवलेली गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. जॅस्मोनिक आम्ल फवारलेल्या झाडांवरच्या अळ्यांना त्यांच्यावर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशीने जवळजवळ दुप्पट प्रमाणात गाठलं. झाड स्वतः तर लढतंच, शिवाय एक विशिष्ट वास सोडून मित्रकीटकांना बोलावून घेतं.

म्हणजे कल्पना भक्कम आहे. मग भानगड कुठे आहे?

भानगड अशी, की टोमॅटोकडे बचावाचे दोन मुख्य मार्ग आहेत. कुरतडणाऱ्या, पोखरणाऱ्या किडींसाठी प्रामुख्याने जॅस्मोनिक आम्लाचा. पेशी जिवंत ठेवून त्यांच्यावर पोसणारे रोग, कित्येक विषाणू आणि काही प्रमाणात मावा, पांढरी माशी यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींसाठी सॅलिसिलिक आम्लाचा. आणि हे दोन मार्ग पुष्कळदा एकमेकांना दाबतात. ठिबकच्या एका मेनलाइनवरचे दोन व्हॉल्व्ह असावेत तसं आहे : एक पूर्ण उघडला की दुसऱ्या प्लॉटमधला दाब पडतो. सॅलिसिलिक मार्ग चालू करणारं एक प्रसिद्ध रसायन आहे, ॲसिबेन्झोलार. अमेरिकेत टोमॅटोवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांवर तांब्याच्या औषधांना पर्याय म्हणून ते वापरलं गेलं आणि उपयोगीही ठरलं. पण शेतातल्याच प्रयोगात असंही दिसलं की या प्रकारचं रसायन मारलेल्या झाडांवर रोग कमी झाला आणि पानं खाणारी अळी मात्र जास्त चांगली पोसली गेली. जॅस्मोनिक आम्लाने अळीविरुद्ध काम केलं. दोन्ही एकदम मारल्यावर एकाने दुसऱ्याच्या कामात खोडा घातला. हा खोडा दर वेळी सारखाच बसतो असंही नाही. मात्रा किती, आधी कुठलं मारलं, मध्ये किती दिवस गेले, यावर तो कमी-जास्त होतो. पण बसू शकतो हे नक्की.

आता ती बाटली परत हातात घ्या. रोग, अळी, रसशोषक कीड, विषाणू, फुलगळ, उष्णतेचा ताण. सगळ्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती, एकाच झाकणाखाली. आत सॅलिसिलिक मार्ग उघडणारं काही असेल, तर ते फळ पोखरणाऱ्या अळीविरुद्ध काम करतं हा दावा नुसता अतिशयोक्तीचा नाही, प्रसंगी नेमका उलटा ठरेल. आत जॅस्मोनिक असेल तर उलट बाजूने तेच. आणि आत नुसता समुद्री शेवाळाचा अर्क आणि थोडं ह्युमिक आम्ल (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातलं) असेल, तर कुठला व्हॉल्व्ह उघडला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही.

आपल्याकडचा टोमॅटोवाला एका शत्रूशी लढत नाही. पावसाळी लागवडीला करपा आणि पांढरी माशी, माशीबरोबर पानं आकसवणारा बोकड्या. फळं धरली की हिरवी अळी, जी तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून आपल्या ओळखीची आहे. 2014 मध्ये पुण्याकडे टुटा पहिल्यांदा सापडली, तेव्हापासून पानाच्या दोन पापुद्र्यांत बोगदे काढणारी आणि देठाजवळून फळात शिरणारी ही दक्षिण अमेरिकेतली पाहुणीही आहे. रोपावर बोकड्याची धास्ती आणि फळावर अळीची, अशा दोन धास्ती एकाच हंगामात असणाऱ्या माणसाला "सगळ्यांवर चालतं" हे ऐकायला गोड लागणारच.

किडीही गप्प बसलेल्या नाहीत. पांढरी माशी टोमॅटोला फसवते, हे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फार सुरेख दिसलं. ती झाडाला सॅलिसिलिक मार्ग उघडायला लावते आणि जॅस्मोनिक बंद पाडते, कारण तिच्या पिल्लांना जड जातो तो जॅस्मोनिकच. त्याहून पुढची गंमत : माशी लागलेल्या झाडाचा वास घेऊन शेजारची टोमॅटोची झाडंही चुकीच्या बाजूने सज्ज होतात आणि माशीला जास्त बळी पडतात. मग अशा बागेत सॅलिसिलिक मार्गाचं टॉनिक मारायचं की नाही? काही प्रयोगांत त्या मार्गाने माशी थोडी कमी झालेली दिसते, इथे माशीच तो मार्ग उघडून घेते. उत्तर सरळ नाही, आणि काउंटरवर उभं राहून तर मुळीच देता येणारं नाही. आपल्या घाटेअळीची अमेरिकेतली सख्खी चुलत बहीण आणखी पुढची. झाडातल्या जॅस्मोनिक-सॅलिसिलिकची चाहूल लागताच ती आपल्या शरीरातली विष पचवणारी यंत्रणा आधीच सुरू करते.

सिलिकॉनचंही इथेच सांगून टाकतो. भाताला आणि उसाला सिलिकॉन दिलं तर खोडकिडीला अटकाव होतो, हे पक्कं आहे, कारण ही पिकं मुळांतून सिलिकॉन भरपूर उचलतात. टोमॅटो ते जेमतेम उचलतो. उसाचा निकाल दाखवून टोमॅटोवाल्याला तेच पाकीट विकणं चालू आहे.

यात आपल्या हवेचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग काचगृहात किंवा सौम्य हवेत झालेत. मिशिगनमधल्या शास्त्रज्ञांनी 2020 साली टोमॅटोची झाडं 38 अंशांना ठेवून त्यांवर अळ्या सोडल्या. उन्हात टोमॅटो काय करतो? पानाची रंध्रं उघडतो, पाणी उडवतो, पानं वर उचलून धरतो आणि स्वतःला थंड ठेवतो. अळीने खाल्लेल्या झाडात जॅस्मोनिक मार्ग चालू झाला आणि ही थंड होण्याची क्रियाच अडली. पानं तापली, अन्न तयार करणं मंदावलं. 38 अंश ही प्रयोगशाळेतली कडक उष्णता होती. जळगाव-भुसावळकडे एप्रिलमध्ये 38 अंश पारा असला तर लोक आज बरं आहे म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत लावून एप्रिल-मेमध्ये तोडा घ्यायची उन्हाळी बाग इथे जे लावतात, त्यांच्या झाडाला नेमक्या त्या दिवसांत जॅस्मोनिकचा इशारा देणं म्हणजे काय करणं आहे, याचं उत्तर मला कुठल्याच बाटलीवर सापडलं नाही. नुकसान होईलच असं मी म्हणत नाही. फवारणी आणि अळीचा चावा एकच नव्हेत. पण हा प्रश्न तापी खोऱ्यात विचारायचा नाही तर कुठे विचारायचा?

फुकट तर काहीच नसतं. बचावावर खर्च झालेली ताकद फळावरून वजा होते. जॅस्मोनिक आम्ल वारंवार मिळालेल्या टोमॅटोला फळं उशिरा आणि संख्येने कमी धरल्याचं प्रयोगांत दिसलंय. संख्या कमी असेल तर वाढलेल्या आकाराने थोडी भरपाई होईल, पण उशीर कशाने भरून काढणार? 2023 च्या जुलैमध्ये शहरांत टोमॅटो शंभराच्या वर गेला आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत शेतकरी कॅरेटच्या कॅरेट रस्त्यावर ओतत होते. ज्या पिकात आठ-दहा दिवसांचा फरक म्हणजे नफा आणि उधारी यांच्यातला फरक असतो, तिथे फळ उशिरा आणू शकणाऱ्या वस्तूवर तसं छापलेलं तरी असावं.

"पण त्यात विष तर नाही ना? मारलं तर बिघडलं काय?" हा युक्तिवाद मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि तो चांगल्या मनाने केलेला असतो. फवारणीच्या विषाने माणसं दगावल्याचं 2017 साली यवतमाळने पाहिलंय. विषाच्या दोन फवारण्या जरी वाचल्या तरी प्रतिकारशक्तीच्या औषधाचं स्वागत करावं, असं मलाही वाटतं. पण वाचतायत का? आपल्याकडे ही बाटली विषाच्या जागी जात नाही, विषाच्या जोडीला जाते, त्याच पंपात. आणि इथे सगळा डावच उलटतो. झाडाला जागं करण्याचा मोठा फायदा म्हणजे झाड मित्रकीटकांना बोलावतं. त्याच पंपात सरसकट मारणारं कीटकनाशक असेल तर बोलावलेले पाहुणे दारातच मरतात. शेतकऱ्याने दोन्हीचे पैसे दिले आणि फक्त विषाचा परिणाम विकत घेतला. वर अळी मेली की श्रेय दोघांना वाटून जातं, म्हणजे पुढच्या वेळीही दोन्ही बाटल्या.

याचं मूळ दुकानदाराच्या लबाडीत शोधलं तर हाती फार काही लागणार नाही. आमच्याकडे अळी दिसली की माणूस पान तोडून, कागदात गुंडाळून दुकान गाठतो. पान काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "भाऊ, आते काय मारनं पडी?" कृषी सहायक पंचनाम्यात आणि ऑनलाइन अर्जांत अडकलेला असतो. कृषी विद्यापीठ राहुरीला, दूर. दुकानदार समोर असतो, रात्री नऊलाही असतो आणि उधार देतो. तेव्हा निदान तोच करणार, औषध तोच देणार. कीटकनाशकापुरती ही व्यवस्था कशीबशी चालते, कारण कीटकनाशक कीड दिसल्यावर मारायचं असतं. झाडाला सज्ज करणारं औषध मात्र कीड येण्याआधी द्यावं लागतं. पान कागदात गुंडाळून आणलं तेव्हाच त्याची वेळ निघून गेलेली असते. फळात शिरलेल्या अळीला झाडाच्या सज्जतेशी काही घेणंदेणं नाही. काउंटरवर विकायला याच्याइतकी अयोग्य वस्तू दुसरी नसेल, आणि ती नेमकी तिथेच विकली जातेय.

मग विकावी कुठे? माझं उत्तर आहे : रोपवाटिकेत. टोमॅटोचं रोप आता घरच्या गादीवाफ्यावर क्वचितच कुणी करतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या ट्रेमधलं, तीन-चार आठवड्यांचं रोप नगावर विकत येतं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात 2012 साली टोमॅटोचं बियाणंच जॅस्मोनिक आम्लात भिजवून पेरलं गेलं. त्या झाडांवर लाल कोळी, अळ्या आणि मावा यांचा त्रास कमी राहिला, परिणाम काही आठवडे टिकला आणि वाढीत खोट दिसली नाही. इशारा एकदाच, तोही कोवळ्या वयात मिळाल्याने झाड कायम युद्धावर राहत नाही. ते फक्त सावध राहतं, हल्ला झाला की लवकर उभं राहतं. या पद्धतीत औषध लागतं किती? एका ट्रेला चमचाभर पाणी इकडे-तिकडे. शेतात पाठीवर पंप घेऊन फिरणं नाही, अंगावर तुषार नाही, दर आठवड्याला बाटली नाही. अर्थात विकणाऱ्याला यात मिळणार काय, हा प्रश्न आहेच, आणि या दिशेने जाहिरात का होत नाही याचं उत्तरही बहुधा तिथेच आहे.

लँकेस्टरचा निकाल धरणगावला लागू होईल असं मी गृहीत धरत नाही. इथलं वाण वेगळं, टुटा वेगळी, ऊन तर वेगळंच. म्हणूनच तो इथे करून पाहायला हवा.

कायद्याचं काय, ते थोडक्यात. कीड मारण्याचा, आटोक्यात आणण्याचा दावा करायचा तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी हवी. त्यासाठी कीड, पीक, मात्रा, तोडणीआधी किती दिवस थांबायचं, सगळी माहिती द्यावी लागते. हा रस्ता महाग आहे. म्हणून बहुतेक माल 'जैवउत्तेजक', म्हणजे झाडाच्या वाढीला नुसती मदत करणारा पदार्थ, म्हणून येतो. जैवउत्तेजकांना 2021 च्या फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेशात आणलं गेलं, आणि त्या व्याख्येतच स्पष्ट लिहिलंय की कीटकनाशक आणि वाढनियंत्रक यात मोडत नाहीत. तोवर देशात 30,000 च्या आसपास उत्पादनं विनातपासणी विकली जात होती आणि नंतरही हजारोंनी तात्पुरत्या परवानगीवर चालू राहिली, असं खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी 2025 च्या जुलैमध्ये सांगितलं. तात्पुरत्या परवानग्या जूनमध्ये संपल्यावर हा आकडा साडेसहाशेच्या घरात आला. चाळणी लागली, बरं झालं. पण चाळणीतून खाली पडलेल्या मालावर आजही 'प्रतिकारशक्ती' हा शब्द आहे, आणि तो असा बेतलेला आहे की शेतकऱ्याला त्यात कीडनियंत्रण ऐकू येतं आणि निरीक्षकाला फक्त पोषण दिसतं.

सरसकट बंदी घाला असं मी म्हणणार नाही. बंदी घातली तर हाच माल बिलाशिवाय येईल, आणि खरोखर उपयोगाचे दोन-चार पदार्थही त्यात बुडतील. मला हवंय ते असं : ज्या बाटलीवर प्रतिकारशक्ती हा शब्द असेल तिने आतला सक्रिय घटक कोणता, तो कुठल्या पिकावर, कुठल्या किडीविरुद्ध किंवा रोगाविरुद्ध तपासलाय आणि किडीच्या आधी किती दिवस द्यायचा, हे मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापावं. किडीचं नाव घ्यायचं असेल तर नोंदणी कीटकनाशक कायद्याखाली. नसेल घ्यायचं, तर ढालीचं चित्रही काढून टाकावं. उद्योगवाले म्हणतील, एवढ्या चाचण्यांचा खर्च लहान कंपनीला झेपत नाही. खरं आहे. म्हणून तर चाचण्या सरकारी पैशाने व्हाव्यात आणि त्यांचे निकाल सगळ्यांना खुले असावेत. पदार्थ साधे आहेत, सॅलिसिलिक आम्ल हे काही कुणाचं गुपित नाही.

आणि तोवर टोमॅटोवाल्याने थांबून राहायचं कारण नाही. सोळा ओळी टोमॅटोला एक ओळ झेंडू, चाळीस दिवसांचं झेंडूचं रोप आणि पंचवीस दिवसांचं टोमॅटोचं एकाच वेळी, म्हणजे दोघांना फुलं एकदम येतात आणि अळीची मादी अंडी घालायला झेंडूकडे वळते. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे, किडीची अंडी संपवणाऱ्या मित्रकीटकांचं ट्रायकोकार्ड, रोपवाटिकेवर बारीक जाळी. हे सगळं जुनं आहे, तपासलेलं आहे आणि याची जाहिरात कुणी करत नाही. झाडाला जागं करायचं औषध उद्या सिद्ध झालं तरी ते याच्या जोडीला चालणार आहे. याच्याशिवाय नाही.

खान्देशात यासाठी नवं काही बांधायला नको. जळगावला मामुराबादचं कृषी विज्ञान केंद्र आहे, रावेर तालुक्यात पालचं आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. ट्रेमधली रोपं, दोन-तीन पदार्थ, एक साध्या पाण्याचा गट, आणि लागवड पावसाळी, हिवाळी, उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत. फळ कधी धरलं, किती पोखरलं, किती फवारण्या वाचल्या, एवढं मोजायचं. आणि उन्हाळ्यात काही फरक पडला नाही किंवा उलट झाड भाजलं असं दिसलं, तर तेही फळ तोडायच्या आत गावच्या चावडीवर लावायचं. एखादं औषध चाललं नाही, एवढं सांगणारा कागद आमच्या तालुक्यात मी अजून लागलेला पाहिलेला नाही.